एम्परर एंजल आणि नासो टँग या समुद्री माशांसाठी किती मोठी टाकी?

प्रवाळवेडा:
४ × १.५ × १.५ फुटांची टाकी आहे, सायकल पूर्ण झालीय (माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत तयार झालेत). दुकानात ३ इंची एम्परर एंजल आणि ४ इंची नासो टँग आलेत. दोन वर्षं यात काढतील का? नंतर मोठी घेईन.

खारंपाणी:
नाही. काठोकाठ भरली तरी ती २५५ लिटर, दगड-वाळू घातल्यावर त्याहून कमी. पण लिटरपेक्षा लांबी-रुंदी बघा. एम्परर १५ इंचांपर्यंत वाढतो, नासो १८. दीड फुटात तो वळणार कसा? नासो दिवसभर पोहणारा, त्याला सरळ पल्ला लागतो. तो आखडला की काचेलगत येरझाऱ्या घालतो, खाणं कमी करतो, मग अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग यायला वेळ लागत नाही. एम्पररला किमान ६ × २ × २, नासोला ८ × २.५ × २ फूट. (आणि ते ‘नंतर’ सहसा येत नाही!)

समुद्रफेस:
८ फुटी म्हणजे ११३० लिटर, नुसतं पाणीच ११५० किलोच्या वर. फ्लॅटमध्ये स्लॅबच्या मधोमध नको, आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा. १० टक्के पाणी बदलायचं तरी दर खेपेला ४ किलो मीठ लागेल.

प्रवाळवेडा:
बाप रे. मग आहे त्या टाकीत काय ठेवू?

खारंपाणी:
कोरल ब्युटी किंवा फ्लेम एंजल, हे छोटे एंजल मासे, साधारण ४ इंचांचे. दोन्हींपैकी एकच घ्या, नाहीतर मारामारी. आणि सगळ्यात शेवटी सोडा. आधी सोडलात तर नव्या माशांना हुसकावत बसेल.