लॉटरीसाठी नंबर व्हीलिंग: विकतचा प्रोग्राम घ्यावा का?

कोथरूडकर
माझा धाकटा भाऊ म्युनिकला नोकरी करतो आणि तिथली ‘लोट्टो ६ आउस ४९’ ही ४९ पैकी ६ आकडे निवडायची लॉटरी खेळतो. आवडीच्या १० आकड्यांची १० तिकिटांत मांडणी, म्हणजेच ‘व्हील’, करून देणारा प्रोग्राम त्याला विकत घ्यायचा आहे. ‘३ आकडे निघाले की बक्षिसाची हमी’ अशी त्याची जाहिरात आहे. मीही पुण्यातून पैसे पाठवून भागी घ्यावी, असा भावाचा आग्रह आहे. कृपया जाणकारांनी सल्ला द्यावा.

संख्याशास्त्र शिक्षिका
हमी खरी आहे, परंतु तिच्यातली अट नीट वाचावी. निवडलेल्या १० आकड्यांपैकी किमान ३ सोडतीत निघाले, तरच एखाद्या तिकिटावर ३ आकडे जुळतात, आणि तसे घडण्याची शक्यता सुमारे ९ टक्के, म्हणजे ११ सोडतींत साधारण एकदा एवढीच आहे. हीच १० तिकिटे सर्व ४९ आकड्यांतून स्वैरपणे भरली, तर किमान एका तिकिटावर ३ किंवा अधिक आकडे जुळण्याची शक्यता सुमारे १७ टक्के होते. व्हीलमधली तिकिटे तेच ते आकडे वाटून घेत असल्याने ३ किंवा अधिक आकड्यांची बक्षिसे लागली तर सरासरी दोन तिकिटांना एकदम लागतात आणि एरवी एकालाही लागत नाहीत. दीर्घकाळात लागणाऱ्या बक्षिसांची सरासरी मात्र दोन्ही पद्धतींत सारखीच राहते. प्रोग्रामसाठी पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा मांडण्या गणितज्ञांनी ‘कव्हरिंग डिझाइन’ या नावाखाली इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करून दिलेल्या आहेत.

कोथरूडकर
मनापासून आभार. संपूर्ण व्हील घेतले तर काही फरक पडेल का?

संख्याशास्त्र शिक्षिका
खर्चात पडेल. संपूर्ण व्हीलमध्ये १० आकड्यांतून सहा-सहाचे शक्य ते सर्व, म्हणजे २१० संच भरावे लागतात; प्रत्येकी १.२० युरो धरल्यास एका सोडतीला २५२ युरो लागतात आणि शुल्क वेगळे. सहाही आकडे जुळण्याची शक्यता सुमारे ६६,५९० मध्ये एक येते, पण कोणतेही २१० वेगवेगळे संच भरले तरी ती तेवढीच असते. त्या लॉटरीत जमा रकमेचा निम्माच भाग बक्षिसांना जातो, हेही भावाला सांगावे. त्याला खेळायचेच असेल, तर मोजकी तिकिटे घ्यावीत आणि ३१ च्या वरचे आकडेही निवडावेत. पुष्कळ लोक वाढदिवसाच्या तारखा भरतात, त्यामुळे लहान आकड्यांवर बक्षीस लागल्यास वाटेकरी वाढतात.

नळस्टॉपकर
भागीचा विचार सोडून द्यावा. लॉटरीच्या तिकिटांसाठी भारतातून परदेशी पैसे पाठवण्यास परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील २००० सालच्या नियमांनी मनाई केली आहे. आपल्या राज्य लॉटरीच्या तिकिटावर क्रमांक आधीच छापलेला असतो, त्यामुळे तिथे व्हीलचा प्रश्नच येत नाही.