हुक्क्याची चिलीम बदलायची आहे, काय बघून घेऊ?

सांजवारा:
हुक्क्यासोबत आलेली माझी चिलीम साध्या भाजलेल्या मातीची आहे, तळाला पाच भोकं. सुरुवातीला चव मस्त लागते, पण थोड्या वेळाने घसा खवखवतो आणि करपट वास येतो. चिलीम उचलून पाहिली की खालच्या दांड्यात चिकट पाक ओघळलेला असतो. शिवाय एकदा पुदिना भरला की पुढे काहीही भरा, पुदिनाच लागतो. बसणारे आम्ही दोघंच, वर फॉइल लावून त्यावर कोळसा ठेवतो. मातीचीच घेऊ, चिनीमातीची की सिलिकॉनची?

जुना_निखारा:
माती की सिलिकॉन हे नंतर. आधी भोक कुठे आहे ते बघा, तुमचं दुखणं तिथे आहे.

तंबाखूतला पाक आणि ग्लिसरीन तापलं की पातळ होतं. तळाला भोकं असली की ते सरळ खाली उतरतं आणि वर उरतं कोरडं पान. ते करपणारच. म्हणून फनेल चिलीम घ्या. तिच्यात मधोमध एक उभं नळकांडं असतं, भोक त्याच्या टोकावर, आणि तंबाखू भोवती झाडाच्या आळ्यासारख्या खळग्यात बसतो. पाक तिथेच साचतो, पानं त्यात भिजलेली राहतात, आणि चव शेवटपर्यंत टिकते. तुमच्यासारखा ओला तंबाखू असेल तर मी दुसरा प्रकार सुचवणारच नाही.

पुदिन्याचं कारण मात्र माती. बिनझिलईची माती पाक पिते आणि वास तिच्यात मुरतो. आतून झिलई असलेली घ्या. घेताना बोट आत फिरवून बघा, कारण काही चिलमी बाहेरून चकचकीत आणि आतून खरखरीत असतात. नळकांड्याच्या बुडाशी, जिथे पाक साचतो, तिथली झिलई नीट तपासा. सिलिकॉन पडलं तरी फुटत नाही, पण मातीइतकी ऊब धरून ठेवत नाही.

आकाराचा मोह टाळा. उष्णता वरून येते, त्यामुळे खोल चिलमीत तळचा तंबाखू कच्चाच राहतो. दोघांना 12 ते 15 ग्रॅम मावेल अशी उथळ चिलीम पुरते. मोठी घेऊन अर्धी भरली तर तंबाखू फॉइलपासून लांब राहतो आणि धूर पातळ येतो. काठाच्या 2-3 मिलिमीटर खाली थांबा, दाबून भरू नका.

काजळी:
फनेलमध्ये एक जपावं लागतं. फॉइल सैल असलं की मध्ये झोळ पडतो, ते नळकांड्याच्या तोंडावर टेकतं आणि ओढताना दम लागतो. ताणून बसवा, आणि नळकांड्याच्या बरोबर वर भोकं पाडू नका, राख थेट आत जाते. हे नको असेल तर व्होर्टेक्स बघा. त्यात नळकांडं वरून बंद आणि भोकं बाजूला असतात. मात्र तंबाखू त्या भोकांच्या वर गेला की पाक पुन्हा खालीच.

ओलीमाती:
चिलीम कितीही चांगली असली तरी पाणी धूर फक्त थंड करतं, त्यातलं विष गाळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार तासाभराच्या एका बैठकीत एका सिगारेटच्या 100 ते 200 पट धूर आत जाऊ शकतो. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वेगळाच. डोकं जड झालं किंवा मळमळलं तर चिलमीला दोष देत बसू नका. हुक्का थांबवून लगेच मोकळ्या हवेत जा. बंद खोलीत तर कोळसा पेटवूच नका.

सांजवारा:
सगळ्यांचे आभार. ओलीमाती, खिडकी आम्ही बंदच ठेवायचो, आता नाही. आतून झिलईची, लहान फनेल बघतो. आहे त्या दांड्यावर ती बसेल का?

जुना_निखारा:
बहुतेक बसते, मधल्या रबरी वॉशरची जाडी बदलावी लागते इतकंच. चिलीम रिकामी असताना तळहाताने तिचं तोंड घट्ट झाका आणि पाइप ओढा. हवा आली तर कुठेतरी गळतंय, आधी वॉशर बदला. आणि धुण्याआधी चिलीम पूर्ण निवू द्या. तापलेल्या झिलईवर गार पाणी पडलं की बारीक तडे जातात, आणि मग त्या तड्यांतूनच पाक मुरायला लागतो.