युनियननं वर्ग घ्यावेत की मोर्चे काढावेत?

खडूफळा: पुण्याची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची युनियन 1993 सालची. पण तिची मुळं मोर्च्यात नाहीत, साक्षरता वर्गात आहेत. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागाची माणसं कचरावेचक बायांच्या वस्तीत शिकवायला गेली आणि त्यातून संघटना उभी राहिली. पुढं महापालिकेच्या मोहोरेची ओळखपत्रं आली, पतसंस्था आली, 2008 मध्ये ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचा पालिकेशी करार झाला. चोर म्हणून कुणी हटकलं तर बाई ते ओळखपत्र पुढं करते. त्यावरचं आपलं नाव तिला वाचता आलं तर आवाज आणखी चढेल. म्हणून म्हणतो, शिकवणं हे प्रत्येक युनियनचं काम आहे.

जुना_फिटर: सर, कौतुक पुरे. ओळखपत्र संघटनेच्या रेट्यानं मिळालं, बाराखडीनं नव्हे. गिरणगावात रात्रशाळा होत्या, वाचनालयं होती. 1982 च्या संपात अडीच लाख कामगार उतरले. त्यातले कितीतरी रोज पेपर वाचणारे. काय वाचलं शेवटी? वर्गणी आपण पगारवाढीसाठी भरतो. शिकवायला केंद्र सरकारचं कामगार शिक्षण मंडळ आहे की, 1958 पासून.

हिशेबनीस: सरकारच्या भरवशावर राहू नका एवढंच. ब्रिटनमध्ये युनियनच्या शिक्षणकामाला 1998 पासून सरकारी निधी होता. इंग्लंडमध्ये 2021 ला तो बंद केला.

शेजारची_ताई: मी वस्तीत दोन वर्षं वर्ग घेतलाय, म्हणून बोलते. ‘ग म भ न’ घेऊन गेले तर बाया बसल्या जागी पेंगायच्या. पहाटे पाचला पोतं घेऊन निघालेली बाई रात्री आठला डोळे कसे उघडे ठेवणार? शेवटी एकजण म्हणाली, “ताई, अक्षरं ऱ्हाऊ दे, काटा शिकव.” भंगारवाला काट्यात मारतो हे सगळ्यांना ठाऊक, किती मारतो ते कुणालाच नाही. मग किलो, ग्रॅम आणि पुठ्ठ्याचा आजचा भाव, एवढंच धरलं. महिन्याभरात ती दुकानात उभी राहून म्हणाली, “साडेअकरा भरलं, अकरा कसं लिवलं?” अर्ध्या किलोचे पैसे ते किती! पण त्या दिवशी दुकानदारानं तिला “मावशी” म्हटलं. तोवर नुसतं “ए” होतं.

जुना_फिटर: काट्याचं मान्य. पण भाव कोण ठरवतो, ताई? तुमची मावशी अचूक मोजून पडेल भावानं विकणार. भावासाठी दहा जणींना दुकानापुढं ठिय्या मारून बसावं लागतं.

शेजारची_ताई: बसल्या की, दादा. त्याच वर्गातल्या नऊजणी. दहावीला ताप होता.

जुना_फिटर: मग? वाढला भाव?

शेजारची_ताई: पुठ्ठ्याचा वाढला. प्लॅस्टिकचा नाही.