मदत हवी आहे: आर्केड कंट्रोल पॅनलसाठी वायर आणि कनेक्टर नेमके कोणते घेऊ?

खेळगडी
घरी व्हिडिओ गेमसाठी दोन जणांचं आर्केड कंट्रोल पॅनल बनवतोय. लाकूड कापून झालं, भोकं पाडून झाली, बटणं आणि जॉयस्टिक पण बसवल्या, आता फक्त वायरिंग राहिलंय आणि तिथेच सगळं अडलंय. जी थिंबलं (वायरच्या टोकाला दाबून बसवायची कनेक्टरं) आणली ती बटणांच्या पात्यांवर ढगळ बसतात, जरा धक्का लागला की निसटतात. वायरचं तर विचारूच नका, एक जण म्हणतो जाड घे, दुसरा म्हणतो काहीही चालतं. पुढच्या आठवड्यात भाचेमंडळी येतायत, त्याआधी चालू व्हायलाच हवं. जाणकारांनी प्लीज नुसतं सांगा, किती एमएमची वायर आणि कुठलं कनेक्टर, म्हणजे एकदाच ऑर्डर टाकून मोकळा होतो.

उत्तररात्र
बटणं कुठली? एन्कोडर, म्हणजे बटणं कॉम्प्युटरला जोडणारा बोर्ड, कुठला? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

खेळगडी
आर्केडचीच बटणं हो, गोल, रंगीत. एन्कोडर यूएसबीचा आहे.

पाचवा गिअर
यूएसबीचे तर सगळेच असतात आता :) बटण उलटं करून बघा. खाली स्क्रूच्या नटाने आवळलेलं आणि त्याला वेगळा काळा मायक्रोस्विच लटकलाय, का सगळं एकाच प्लॅस्टिकच्या डबीत आहे आणि खालून दोन पिना आल्यात? आणि एन्कोडरवर प्रत्येक बटणाला दोन-दोन पिनांचं पांढरं सॉकेट आहे, का ओळीने स्क्रू टर्मिनल आहेत? यावर सगळं ठरतं.

जुगाडू
भाऊ, कशाला विकत घेताय? जुनी लॅन केबल पडली असेल ना घरात, ती सोला. आत आठ वायरी, आठही वेगळ्या रंगाच्या, कुठली कुठे गेली ते लगेच कळतं. माझं आख्खं पॅनल त्यावरच आहे, वर्षानुवर्षं चालतंय.

कथील
जुगाडूंशी पूर्ण असहमत. भिंतीतून जाणाऱ्या लॅन केबलमध्ये एकसंध तांब्याची कांडी असते, अर्ध्या मिलिमीटरची. ती एका जागी पडून राहायला बनवलेली आहे. पॅनल उघडा, मिटा, बटण बदला, असं करत राहिलात की जिथे सोललीये तिथेच नेमकी मोडते आणि बाहेरून इन्सुलेशन अखंड दिसतं, म्हणजे शोधताना जीव जातो. बारीक धाग्यांची मल्टीस्ट्रँडच घ्या. आणि थिंबलच्या भानगडीत पडू नका, सरळ डाग मारा (सोल्डर करा). डाग दिलेला जोड कधी निसटत नाही.

जुगाडू
पॅच कॉर्ड असते ना, जी कॉम्प्युटरपासून राउटरपर्यंत लावतो, ती बहुतेक धाग्यांचीच असते. ती वापरा मग. केबल वाईट नाहीये, कुठली केबल ते बघायला हवं.

उत्तररात्र
पॅच कॉर्डचं बरोबर आहे, पण तिची वायर २४ किंवा २६ गेजची (आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक), थिंबलात नीट पकडली जात नाही.

आणि कथील, डाग मारायला माझा ठाम विरोध. एक तर मायक्रोस्विचची पाती तापली की आतलं प्लॅस्टिक मऊ पडतं, स्विच अडकायला लागतो. दुसरं म्हणजे कथील धाग्यांमध्ये वर चढतं आणि जिथे संपतं तिथे वायर कडक होऊन तुटते, म्हणजे तुम्ही लॅन केबलबद्दल जे म्हणालात तेच. तिसरं, बटण हा खेळात झिजणारा भाग आहे, उद्या एक बदलायचं तर पॅनलखाली उताणं झोपून सोल्डरिंग आयर्न धरणार का?

कथील
मी आधी वायरला कथील लावून घेतो आणि पातीला दोन सेकंदांच्या वर टोक टेकवत नाही, त्यामुळे आजवर एकही स्विच वितळला नाही. बाकी बदलायचा मुद्दा मान्य.

खेळगडी
अहो भांडू नका. बघितलं उलटं करून. खेळायच्या बटणांना खाली काळा मायक्रोस्विच आहे, त्याला तीन पात्या आहेत. जॉयस्टिकला पण तसेच चार-चार स्विच. पण स्टार्टची दोन आणि कॉइनचं एक, ती छोटी आहेत, त्यांना दोनच बारीक पिना. एन्कोडरवर स्क्रू टर्मिनल, आणि एका टोकाला जीएनडी (ग्राउंड) लिहिलंय, ते एकच आहे. दोन बटणं तात्पुरती वायर पिळून लावून बघितली, तर एक चालतं आणि दुसरं सतत दाबल्यासारखं दाखवतं, आणि दाबलं की उलट सुटतं. एन्कोडर खराब आहे का?

पाचवा गिअर
एन्कोडर चांगला आहे. तीन पात्यांमध्ये एक सीओएम (सामाईक), एक एनओ (दाबल्यावरच जोडली जाणारी), एक एनसी असते, स्विचच्या अंगावर बारीक अक्षरात कोरलेलं असतं, मोबाइलचा टॉर्च मारून बघा. तुम्ही त्या बटणाला सीओएम आणि एनसी जोडलंय. एनसी म्हणजे न दाबता जोडलेलं, म्हणून सतत दाबल्यासारखं दिसतं. जीएनडी सीओएमवर, सिग्नल एनओवर. एनसीची पाती मोकळी सोडा.

अनामिका
दिव्याची बटणं असतील तर एलईडी ५ व्होल्टचे का १२ व्होल्टचे ते आधी बघा. एक एलईडी साधारण २० मिलिअँपिअर खातो आणि जुन्या यूएसबी पोर्टमधून ५०० च मिळतात, त्यामुळे वीस-पंचवीस दिवे एन्कोडरच्याच पोर्टवर टाकू नका, वेगळा सप्लाय द्या. दिव्याला उलट-सुलट पण असतं, नाही लागला तर दोन वायरी फिरवून लावा.

खेळगडी
दिवे नाहीत.

उत्तररात्र
आता तुमच्या मूळ प्रश्नाचं. तुम्ही आणलेली थिंबलं नक्की ६.३ मिमीची असणार, दुकानात पहिली तीच हातात येतात कारण गाड्यांना आणि मिक्सर-फॅनला तीच लागतात. काळ्या मायक्रोस्विचची पाती बहुतेक वेळा ४.८ मिमी रुंद असते, आणि तुमच्या छोट्या दोन पिनांच्या बटणांची २.८ मिमी. पण माझ्या बहुतेकवर ऑर्डर टाकू नका, व्हर्नियर कॅलिपर असेल तर त्याने नाहीतर पट्टीने मोजा. पट्टीने पण ४.८ आणि ६.३ मधला फरक सहज दिसतो.

रुंदीइतकीच जाडी महत्त्वाची, आणि ही गोष्ट कोणी सांगत नाही. ४.८ ची पाती ०.५ मिमी जाडीची पण येते आणि ०.८ ची पण. २.८ चंही तसंच. ०.८ साठी बनवलेलं थिंबल ०.५ च्या पातीवर लावलं की रुंदी बरोबर असूनसुद्धा ढगळ बसतं, मग लोक पकडीने दाबून चेपत बसतात आणि ते कडेने फाटतं. विकणाऱ्याच्या पानावर ४.८ × ०.५ असं दोन्ही लिहिलंय का बघा, नुसतं ४.८ लिहिलेलं घेऊ नका. पूर्ण स्लीव्हवालं (प्लॅस्टिकच्या वेष्टणाचं) फिमेल, म्हणजे पातीवर सरकणारं, घ्या, म्हणजे शेजारच्या पातीला टेकून शॉर्ट होणार नाही.

नग किती ते पण मोजून टाका. एका खेळाडूला खेळायची बटणं किती?

खेळगडी
प्रत्येकी सहा.

उत्तररात्र
म्हणजे बटणं १२ आणि जॉयस्टिकचे स्विच ८, एकूण २०, प्रत्येकाला दोन, म्हणजे ४.८ ची ४०. छोटी तीन बटणं, २.८ ची ६. क्रिंप करताना (थिंबल वायरवर दाबून बसवताना) काही वाया जातातच, सुरुवातीला तर हमखास, तेव्हा ५०-५५ आणि १० घ्या.

वायरचं म्हणाल तर करंटचा विचार डोक्यातून काढून टाका. एन्कोडरच्या आत पुल-अप रेझिस्टर (सिग्नलला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा) असतो, तो १० किलोओहमचा धरला तरी ५ व्होल्टला अर्धा मिलिअँपिअर वाहतो. केसाएवढी वायर पण पुरली असती. वायरची जाडी फक्त एवढ्यासाठी बघायची की थिंबलाने ती घट्ट धरली पाहिजे. लाल स्लीव्हचं थिंबल ०.५ ते १.५ चौरस मिमीसाठी असतं. २२ एडब्ल्यूजी (अमेरिकन वायर गेज) म्हणजे सुमारे ०.३३, म्हणून त्यात ती सैल पडते. दुप्पट लांब सोलून मागे दुमडून घातली की पकड येते.

पाचवा गिअर
+१. फक्त एक भर. एडब्ल्यूजी न लिहिता १४/३६, ७/३६ अशी पण वायर मिळते. १४/३६ म्हणजे ३६ गेजचे (इथे ब्रिटिश गेज, एडब्ल्यूजी नाही) १४ धागे, साधारण ०.४१ चौरस मिमी, म्हणजे २२ एडब्ल्यूजीपेक्षा किंचित जाड. ७/३६ त्याच्या निम्मी, २४ एडब्ल्यूजीच्या जवळ. मी १४/३६ घेतो, हाताळायला मऊ पडते आणि पॅनलखाली वळवता येते. रंग निदान दोन घ्या, काळा फक्त ग्राउंडला ठेवा, बाकी कुठेही वापरू नका.

आणि साध्या पकडीने चेपू नका, रॅचेटवालं क्रिंपिंग टूल घ्या किंवा मागून आणा. ते पूर्ण दाबलं गेल्याशिवाय सुटतच नाही, त्यामुळे अर्धवट क्रिंप राहत नाही. स्लीव्हवाल्या आणि उघड्या थिंबलांचे जबडे वेगळे असतात, चुकीच्या जबड्यात दाबलं की वरून छान दिसतं आणि ओढलं की हातात येतं. प्रत्येक क्रिंप ओढून बघाच.

सुतारपक्षी
पॅनलचं लाकूड किती जाड आहे? ती छोटी बटणं जर क्लिपवाली असतील तर ती पातळ पत्र्यासाठी असतात, जाड प्लायमध्ये क्लिप उघडतच नाही आणि बटण दाबलं की वर-खाली डुलतं. जाड लाकडाला आट्यांची, नट आवळायची बटणं लागतात.

खेळगडी
ती बसलीयेत हो घट्ट, मागून खोलगट कोरून घेतलंय. लाकडाचं नंतर बोलू. जीएनडी एकच आहे त्याचं काय करू? २३ काळ्या वायरी एका स्क्रूखाली कशा मावणार?

जुगाडू
म्हणूनच म्हणतो जुन्या कीबोर्डचा सर्किट बोर्ड काढा, त्याला ग्राउंडची भानगडच नाही, सगळं आडव्या-उभ्या ओळींचं मॅट्रिक्स.

कथील
आणि मग दोघांनी मिळून तीन-चार बटणं एकदम दाबली की कोणी न दाबलेलं बटण आपोआप लागतं. मॅट्रिक्समध्ये चौकोनाचे तीन कोपरे दाबले की चौथा पण दाबलेला दिसतो, डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसेल तर. दोन जणांच्या पॅनलला हे चालणारच नाही. त्यांच्याकडे चांगला एन्कोडर असताना हे कशाला सांगताय?

उत्तररात्र
२३ वायरी न्यायच्याच नाहीत. ग्राउंडची माळ करायची. एन्कोडरच्या जीएनडीवरून एक काळी वायर पहिल्या स्विचच्या सीओएमवर, तिथून छोटा तुकडा दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. मधल्या प्रत्येक थिंबलात येणारी आणि जाणारी अशा दोन वायरी एकत्र पिळून क्रिंप करायच्या. १४/३६ च्या दोन मिळून ०.८ च्या आसपास होतात, लाल थिंबलात एकदम चपखल, तिथे दुमडायची पण गरज नाही.

माळेत एकच धोका, मधलं एक थिंबल सुटलं की त्याच्या पुढची सगळी बटणं एकदम मरतात. म्हणून शेवटच्या स्विचवरून एक वायर परत जीएनडीला आणून वर्तुळ पूर्ण करायचं. मग कुठेही एका जागी तुटलं तरी दुसऱ्या बाजूने ग्राउंड मिळतं. एक मीटरभर जास्तीची वायर लागते, पण खेळ रंगात आलेला असताना अर्धं पॅनल बंद पडत नाही. दोन खेळाडूंची वर्तुळं वेगळी केलीत तर अजून बरं.

अनामिका
तुकडे कापताना बटणांमधल्या अंतरापेक्षा दोन बोटं जास्त ठेवा, ताणून बसवलेली वायर थिंबल ओढत राहते.

खेळगडी
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. मोजलं, ४.८ × ०.५ आणि छोट्यांची २.८ × ०.५ निघाली. १४/३६ काळी आणि पिवळी, लाल स्लीव्हची थिंबलं मोजून सांगितलीत तेवढी, रॅचेट टूल मित्राकडून मिळतंय. ऑर्डर टाकली.

खेळगडी
माल आला, सगळं जोडलं, थिंबलं इतकी घट्ट बसलीयेत की काढायला जोर लावावा लागतो. दोन्ही वर्तुळं वेगळी केली, मुद्दाम एक थिंबल काढून बघितलं तर बाकी सगळी बटणं चालू राहिली. पण जॉयस्टिक वर ढकलली की माणूस खाली जातो, डावीकडे नेली की उजवीकडे. जिकडचा स्विच तिकडचीच वायर लावलीये, दोनदा तपासली.

पाचवा गिअर
दांडा मधल्या खिळीवर फिरतो, त्यामुळे वरचं टोक पुढे गेलं की खालचं टोक मागे येतं आणि मागचा स्विच दाबला जातो. समोरासमोरच्या वायरी अदलाबदल करा, वर-खालीची जोडी आणि डावी-उजवीची जोडी. स्विचला हात लावू नका, एन्कोडरच्या स्क्रूवरच बदला, पाच मिनिटांचं काम आहे.