काविळीचा नकाशा काढलाय, पण ह्यावरून सोर्स सापडतो का?

वाडीची_मुलगी: मी बडोद्यात पब्लिक हेल्थ शिकतेय, प्रोजेक्टसाठी पावसाळ्यातल्या काविळीच्या केसेसचे पत्ते घेऊन क्यूजीआयएसमध्ये (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) ठिपके टाकले, हीटमॅप केला (ठिपके दाट तिथं रंग लाल) तर जुन्या शहरातलं वाडी-मांडवी लालभडक आणि वाघोडिया रोडला जवळजवळ काहीच नाही. मग तिथलं पाणी खराब असं सरळ लिहू का?

पोळवाला: नको गं. पोळांमध्ये, म्हणजे जुन्या शहरातल्या चिंचोळ्या गल्ल्यांत, माणसं खच्चून राहतात, ठिपके तिथं जास्त पडणारच. आधी दर हजार माणसांमागे किती केसेस ते काढ. आणि केसेस घेतल्या तो दवाखाना मांडवीतलाच असेल तर वाघोडिया रोडची माणसं तिथं कशाला येतील?

जुना_ओव्हरसियर: बाळा, वॉर्डाच्या हद्दी सोड, पाणी वॉर्ड बघून येत नाही. कुठल्या टाकीवरून कुठली लाइन गेलीय ते नकाशाखाली घाल. सप्लाय ठरावीक वेळच, तो बंद झाला की लाइनीतलं प्रेशर जातं, मग शेजारी गटार फुटलेलं असेल तर घाण लिकेजमधून आत ओढली जाते. शेवटच्या टोकाची घरं वेगळ्या रंगात दाखव.

नकाशेबाज: 1854 च्या लंडनच्या कॉलऱ्याचा डॉक्टर जॉन स्नोचा नकाशा सगळे दाखवतात, मृत्यूंचे ठिपके ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाभोवती दाटलेले वगैरे, पण मला विचाराल तर खरी गंमत ठिपके नाहीत तिथं आहे. पंपाजवळच्याच वर्कहाऊसमध्ये (गरिबांना ठेवायची जागा) 535 माणसं आणि कॉलऱ्यानं मेली फक्त 5, कारण त्यांची विहीर स्वतःची. आणि लांब हॅम्पस्टेडला एक बाई गेली, ती ह्याच पंपाचं पाणी मागवून प्यायची!! तुझ्या लाल पट्ट्यात एकही केस नसलेली बिल्डिंग शोध, बोअरचं पाणी आहे का विचार.

वाडीची_मुलगी: हे भारी आहे. पण पत्ता घराचा आणि पाणीपुरी स्टेशनजवळ खाल्ली असेल तर?

पोळवाला: म्हणून तर 2018 च्या पावसाळ्यात महापालिकेनं पाणीपुरीच बंद केली होती 😄 दूषित पाण्या-खाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ असेल तर लक्षणं दिसायला 15 ते 50 दिवस लागतात, म्हणजे कालचं काय खाल्लं विचारून उपयोग नाही, मागच्या दीड महिन्याचं विचार, आणि तेच प्रश्न कावीळ न झालेल्या शेजाऱ्यांनाही, नाहीतर तुलना कशाशी करणार? अन् घराघराचे ठिपके ऑनलाइन टाकू नकोस, पेशंट ओळखू येतात.

वाडीची_मुलगी: हो, रिपोर्टमध्ये गल्लीपुरतंच दाखवीन. काका, टाकीवार नकाशा कुठं मिळेल?

जुना_ओव्हरसियर: पाणीपुरवठा खात्यात कॉलेजचं पत्र घेऊन अर्ज दे. पण आधी सकाळी सप्लायच्या वेळी व्हॉल्व्हमनला गाठ, कागदावर नसलेल्या जोडण्या त्याला पाठ असतात.