मॅक्स मन्सीसाठी ट्रेड करावा का? मदत हवी आहे

आमच्या ऑफिसच्या फँटसी बेसबॉल लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ करायचा, त्यांच्या आकडेवारीवर गुण) मला थर्ड बेसची जागा कच्ची पडतेय. एकाने लॉस एंजेलिस डॉजर्सचा मॅक्स मन्सी देऊ केलाय, बदल्यात पुढच्या ड्राफ्टमधली (फेरीफेरीने खेळाडू निवडतात त्यातली) माझी दुसऱ्या फेरीची निवड मागतोय.

खेळाडू मनापासून आवडतो. २०२१ आणि २०२३ मध्ये प्रत्येकी ३६ होमरन. आमच्या लीगमध्ये बॅटिंग ॲव्हरेज नाही, ऑन-बेस टक्केवारी (बॅटर किती वेळा बेसवर पोहोचतो) धरतात, आणि हा तर वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा फुकट बेस) काढण्यात पटाईत. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजच्या (अंतिम मालिकेच्या) सातव्या सामन्यात आठव्या इनिंगला त्याने मारलेला होमरन अजून डोळ्यांसमोर आहे!

पण ऑगस्ट २०२५ मध्ये पस्तिशी गाठली. २०२४ मध्ये बरगडीजवळच्या स्नायूमुळे जेमतेम ७३ सामने, २०२५ मध्ये आधी गुडघा, मग पुन्हा तोच स्नायू. गुडघ्याचं मला फारसं वाटत नाही, त्यावर बेसवर कुणीतरी आदळलं होतं. स्नायूचं मात्र खटकतं. डावखुऱ्याच्या त्या जोरदार स्विंगचा सगळा पीळ तिथेच बसतो ना?

तो हंगामात शंभरेक सामने खेळेल असं धरून दुसरी फेरी द्यावी, की तिसरीवर अडून बसावं? कीपर लीग (जिथे काही खेळाडू पुढच्या हंगामासाठी राखता येतात) खेळणाऱ्यांनी जरूर सांगा.