झटपट नूडल्स की शिजवलेली भाजी?

प्रश्न : घाईच्या वेळी मुलांना झटपट नूडल्स दिल्या, तर वाटीभर शिजवलेल्या भाजीइतके पोषण त्यांतून मिळते का?

उत्तर १ : नाही. या नूडल्स बहुधा मैद्याच्या आणि तेलात तळून वाळवलेल्या असतात, त्यामुळे ऊर्जा भरपूर मिळते, पण तंतुमय पदार्थ फारच थोडे. मसाल्याच्या पुडीतील मीठ तर मला अधिक चिंतेचे वाटते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांनाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते.

उत्तर २ : सहमत. मात्र भाजी उकळून पाणी ओतून दिले, तर क जीवनसत्त्व आणि फोलेट (ब गटातील एक जीवनसत्त्व) बऱ्याच प्रमाणात त्याबरोबर जाते. गाजरातील कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते तो घटक) मात्र शिजवून थोड्या तेलासह खाल्ल्यास उलट अधिक चांगले शोषले जाते.

उत्तर ३ : नुसत्या भाजीने मुलांचे पोट भरत नाही, म्हणून नूडल्समध्ये मटार, गाजर, अंडे घालावे आणि मसाला अर्धाच वापरावा.